मिसेस दुसरा-कप

हॅल स्ट्राउडने सकाळी साडेसहाला रेडिओवर "नमस्कार, शेजारी!" म्हटलं की हार्पर्स लँडिंगमधल्या आणि नदीपलीकडच्या निम्म्या बायकांच्या चेहऱ्यावर आपोआप हसू यायचं. त्याच वेळी काचेपलीकडे बसलेली व्हर्ना कोपेकी त्याच्या कॉफीच्या कपात फुगून तरंगणारं सिगारचं थोटूक बघत असायची. तो कप दहा वाजता विसळायचं काम तिचंच होतं. स्टुडिओतल्या माइकला त्याच्या तोंडाचा, पेपरमिंटचा आणि शिळ्या धुराचा मिळून एक वास लागला होता. कितीही पुसला तरी तो जात नसे.

लोक त्याला 'शेजारी हॅल' म्हणत. रेडिओ स्टेशन एका हॉटेलच्या चौथ्या मजल्यावर होतं, त्यामुळे खाली उतरलं की कुणी ना कुणी त्याला गाठायचंच. शेतकरी त्याचा हात दोन्ही हातांत धरत, म्हाताऱ्या त्याच्या गालाला हात लावत. हॅल सगळ्यांशी गोड बोलायचा आणि वर आल्याबरोबर कोपरापर्यंत हात धुवायचा. "शेणाचे हात घेऊन फिरतात साले," असं म्हणत तो व्हर्नाच्या टेबलावरचा स्वच्छ टॉवेल ओढायचा. सतरा वर्षं व्हर्ना हे बघत आली होती. तिचं वय आता एक्केचाळीस. रेकॉर्ड जागच्या जागी लावायच्या, जाहिराती टाइप करायच्या आणि श्रोत्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायची, हे तिचं काम.

पत्रं हॅलने कधी उघडली नाहीत. स्टेशनचे मॅनेजर प्रेंटिस यांचा हुकूम होता की प्रत्येकाला हॅलचा फोटो छापलेलं कार्ड जायला हवं. व्हर्ना त्यावर हॅलची सही करायची. तिला ती त्याच्यापेक्षा चांगली यायची.

सहा वर्षांपूर्वी एक पत्र आलं होतं. "तुम्ही आज दोनदा खोकलात. छातीला बदकाची चरबी चोळा आणि त्यावर फ्लॅनेल बांधा. लाजू नका." खाली नाव होतं, मिसेस थिया ब्रुनस्वोल्ड, नदीपासून अठरा मैलांवरचं एक शेत. व्हर्नाला हसू आलं. कार्डाऐवजी तिने कागद घेतला आणि लिहिलं की चरबी चोळली, गुण आला. आठ दिवसांत उत्तर आलं. त्यालाही व्हर्नाने उत्तर दिलं.

मग ते थांबलंच नाही. मिसेस ब्रुनस्वोल्डचा नवरा ऑटो वारला होता, मुलं नव्हती, शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं. घर, कोंबड्या आणि रेडिओ एवढंच राहिलं होतं. ती कोंबड्यांबद्दल लिहायची, बर्फाबद्दल लिहायची, ऑटोबद्दल लिहायची. आणि व्हर्ना, हॅलच्या नावाने, स्वतःबद्दल लिहायची. आई आजारी पडली तेव्हा तिने लिहिलं, "माझी आई आता मला ओळखत नाही." आई गेली तेव्हा सहा पानांचं उत्तर आलं. ते तिने घरी नेऊन वाचलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून इतर पत्रांबरोबर खालच्या कप्प्यात ठेवलं, कारण पत्रं स्टेशनच्या मालकीची, असा नियम होता आणि व्हर्ना नियम पाळणारी बाई होती.

सत्तावन्न सालच्या जानेवारीत एका मंगळवारी बर्फामुळे रस्ते बंद झाले. पावणेआठला गुरांच्या रोगांवर बोलायला येणारे डॉक्टर आले नाहीत. सात मिनिटं रिकामी होती. रेकॉर्ड फिरत असताना हॅल बाहेर आला, व्हर्नाच्या टेबलावर उघडं पडलेलं पत्र त्याने उचललं आणि ती "हॅल, ते नको," म्हणेपर्यंत आत जाऊन बसला. लाल दिवा लागला.

"मंडळी, एका शेजारणीने मला काय लिहिलंय बघा," तो म्हणाला, आणि मग त्याने आवाज बदलला. बोळक्या तोंडाचा, चिरका, थरथरणारा म्हातारीचा आवाज काढला. "ऑटो जाऊन नऊ वर्षं झाली, पण मी अजून टेबलावर दुसरा कप मांडते. तुम्ही 'नमस्कार, शेजारी' म्हणालात की त्यात कॉफी ओतते आणि म्हणते, गार व्हायच्या आत प्या. साडेआठला तुमचा कार्यक्रम संपला की ती मीच पिऊन टाकते. वाया कशाला घालवायची?"

तो थांबला. मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, "आजी, साखर दोन चमचे बरं का!"

यंत्रांच्या खोलीतला आयव्हर, जो महिन्यातून एकदा हसायचा, तोही हसला. फोन वाजायला लागले ते नऊपर्यंत थांबले नाहीत.

"तुम्ही त्यांचं पत्र वाचलंत," बाहेर आल्यावर व्हर्ना म्हणाली.

"नाव घेतलं का मी? नाही ना? मग?"

"त्यांना कळणार नाही का?"

"कळलं तर खूशच होईल म्हातारी! रेडिओवर आली ती, व्हर्ना. तुझं आयुष्य गेलं इथे, तू आलीस का कधी?" त्याने तिचा टॉवेल ओढला. "आणखी आहेत असली?"

"नाहीत."

दुपारी कॉफी कंपनीचा फोन आला. सकाळच्या कार्यक्रमाचा खर्च तीच कंपनी देत होती. प्रेंटिस स्वतः व्हर्नाच्या टेबलाशी आले. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांना नाही म्हणणं अवघड जायचं.

"मिस कोपेकी, दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवंय त्यांना. 'मिसेस दुसरा-कप' असं नावही सुचवलंय. खालच्या कप्प्याची किल्ली द्या."

"ती पत्रं खाजगी आहेत, साहेब."

"कुणाची खाजगी? हॅलला लिहिली आहेत ना? मग हॅलची आहेत."

व्हर्नाला तोंड उघडून सांगता आलं असतं की हॅलला नाहीत, मला लिहिली आहेत. पण मग सहा वर्षं तिने काय केलं हेही सांगावं लागलं असतं. तिने किल्ली दिली.

पुढचे दोन महिने आठवड्यातून दोनदा ती काचेपलीकडे बसून ते ऐकत होती. कोंबड्या, गुडघेदुखी, चर्चमधला नवा पाद्री. हॅल कागद तोंडाशी धरून वाचायचा, त्यावर थुंकीचे शिंतोडे उडायचे, आणि वाचून झालं की तो कागद टेबलावरच्या ओल्या डागांत टाकून द्यायचा. व्हर्ना ते टिपून, वाळवून परत फाइलला लावायची. हात लावताना तिला शिसारी यायची. पत्रांची नाही, त्यांना लागलेल्या त्याच्या तोंडाच्या वासाची.

मार्चमध्ये त्याच्या हाती ऑटोच्या शेवटच्या दिवसाचं पत्र लागलं. व्हर्नाच्या आईचं झालं तेव्हा मिसेस ब्रुनस्वोल्डने सहा पानं लिहिली होती, तेच. धीर द्यायला तिने आपली सगळ्यात दुखरी गोष्ट काढून दिली होती. ऑटो न्याहारीला बसला, एक घास खाल्ला, "अंड्यात मीठ जास्त झालंय," म्हणाला आणि त्याने टेबलावर डोकं टेकलं. तिला वाटलं, रुसला. तिने म्हटलं, "मग स्वतः करून खा." ती पाठ फिरवून भांडी घासत राहिली. पाच मिनिटं. तिने लिहिलं होतं, "त्या पाच मिनिटांत मी त्याच्यावर रागावलेली होते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

"हे नाही," व्हर्ना हॅलच्या समोर उभी राहिली. "हे नाही वाचायचं."

"वाचलंस का तू? सोन्याची खाण आहे ही!"

"माणूस मेलाय त्यात."

"म्हातारे मरतातच गं. पण मीठ जास्त झालंय म्हणून मरणारा मी पहिलाच बघतोय." त्याने आयव्हरला काचेतून खूण केली. "मीठ म्हटलं की ती तुतारीची रेकॉर्ड वाजव. रडवी."

आयव्हरने मान खाली घातली, पण तुतारी वाजवली.

आठवडाभर सगळ्या गावाच्या तोंडी तेच. बँकेत, केस कापायच्या दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर. कुणी जांभई दिली तरी दुसरा म्हणायचा, "का रे, अंड्यात मीठ जास्त झालं?" कॉफी कंपनीच्या साहेबांनी ते पत्र मागून घेतलं आणि मिठाचं पान वर ठेवून, चौकटीत घालून आपल्या कचेरीत लावलं.

त्यानंतर मिसेस ब्रुनस्वोल्डचं पत्र आलं नाही. एक आठवडा नाही, दोन नाही. जुनी पत्रंही संपत आली.

"तू लिही," हॅल म्हणाला.

"मी?"

"मला काय आंधळा समजतेस? इतकी वर्षं माझ्या सहीने तिला कोण लिहितंय? तिच्या पत्रात 'तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं' आहे. माझी आई फ्लोरिडात पत्ते खेळतीये." तो हसला. त्याच्या दातांत तंबाखूचा कण अडकला होता. "घाबरू नकोस, प्रेंटिसला नाही सांगत. फक्त शुक्रवारपर्यंत एक पान दे."

व्हर्नाने दोन दिवस स्वतःची समजूत घातली. आपण खोटी पत्रं लिहिली तर उरलेली खरी तरी त्याच्या तावडीतून सुटतील. त्या बाईचं नाही, आपलंच हसं होईल. गुरुवारी दुपारी तिने टाइपरायटरमध्ये कागद सरकवला आणि पाद्र्याच्या बायकोच्या टोपीत अंडं घालून बसलेल्या कोंबडीची गोष्ट लिहिली. अर्ध्या तासात झाली. शब्द तयारच होते, कुठून आले ते तिला पुरतं माहीत होतं.

शुक्रवारी काम संपल्यावर ती रस्त्यापलीकडच्या खाणावळीत गेली. काउंटरवरची डॉटी दोन ट्रकवाल्यांना तीच गोष्ट सांगत होती, चिरक्या आवाजात, हाताने टोपीचा आकार दाखवत. ट्रकवाले हसून लाल झाले होते. "आजवरची ही सगळ्यात भारी!" एक जण म्हणाला.

आणि व्हर्नाला बरं वाटलं. क्षणभरच, पण अगदी स्पष्ट. छातीत ऊब आली, ओठ हलले, 'ती मी लिहिली' असं म्हणावंसं वाटलं. मग तिने समोरच्या ताटलीकडे बघितलं. त्यात चरबीत गोठत चाललेला मांसाचा तुकडा होता. ती उठली, मागच्या खोलीत गेली आणि ओकली. तोंड धुतलं तरी चव गेली नाही. हॅलची किळस तिला ओळखीची होती, सतरा वर्षांची. ही नवी होती, आणि ती धुवायला टॉवेल नव्हता.

शनिवारी तिने आयव्हरची गाडी मागून घेतली. कशासाठी ते त्याने विचारलं नाही. किल्ली देताना एवढंच म्हणाला, "तुतारी मी वाजवली. तेही सांग त्यांना."

घर लहान होतं, पांढरं, नीट रंगवलेलं. जिने दार उघडलं ती बाई उंच होती. व्हर्नाने सहा वर्षं तिला बुटकी समजलं होतं, हॅलच्या आवाजाने तर वाकडीही करून टाकली होती. ती ताठ होती आणि तिचे सगळे दात जागेवर होते.

"मी स्टेशनातून आले," व्हर्ना म्हणाली.

"या."

रेडिओ फळीवर होता, बंद. मिसेस ब्रुनस्वोल्डने बसायला सांगितलं, पण काही पुढे केलं नाही. व्हर्नाने सगळं सांगितलं. कार्डाऐवजी घेतलेला पहिला कागद, आई, कप्पा, किल्ली, तुतारी, टोपीतली कोंबडी. काहीच वगळलं नाही. म्हातारी तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

"म्हणजे आई तुझी गेली," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"आणि चरबी कुणी चोळली?"

"कुणीच नाही."

मिसेस ब्रुनस्वोल्डने मान हलवली. "तो माणूस विदूषक आहे. विदूषकाच्या हाती काही लागलं की तो नाचवणारच. त्याचा मला राग आला, पण गेला. दुकानात गेले तर पोरं माझ्या तोंडावर 'मीठ, मीठ' म्हणतात. त्यांना माहीत नाही ती मी आहे. ते मी सहन केलं." ती पहिल्यांदाच वळून व्हर्नाकडे बघू लागली. "पण तू मला ओळखत होतीस. तुला माहीत होतं त्या पाच मिनिटांचं काय ते. तुझ्या हातात किल्ली होती."

"मला माफ—"

"ते नको. त्यासाठी आली असशील तर गाडीत बस. माझी पत्रं आण. सगळी."

सोमवारी सकाळी व्हर्ना पावणेसातला स्टेशनात आली, फाइल उचलली, पिशवीत टाकली. एवढ्यावर ती जिना उतरू शकली असती. पण काचेपलीकडे हॅलने तोच चिरका आवाज लावला. दिवस सोमवार होता, मंगळवार नव्हता. शुक्रवारच्या गोष्टीला इतके फोन आले होते की तो तीच परत वाचत होता. तिचीच टोपी, तिचीच कोंबडी. व्हर्नाने दार ढकललं. लाल दिवा चालू होता. तिने त्याच्या हातातला कागद काढून घेतला आणि माइकवर वाकली.

"हे पत्र खोटं आहे," ती म्हणाली. "ते मी लिहिलंय, व्हर्ना कोपेकीने. ज्या बाईची तुम्ही सगळे थट्टा करताय ती खरी आहे, तिचा नवरा खरा होता, आणि तो मेला तेव्हा ती एकटी होती. तिने विश्वासाने लिहिलं. आम्ही ते तुम्हाला हसायला विकलं. मीठ म्हणून हसता ना? लाज वाटू द्या. मला वाटतेय."

मग हॅल माइककडे सरकला, अगदी सावकाश, आणि म्हणाला, "मंडळी, आमच्या व्हर्नाच्या अंड्यात आज मीठ जास्त झालंय!"

काचेपलीकडे तुतारी वाजली नाही. आयव्हर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पण फोन वाजले. एक, दोन, मग सगळेच. व्हर्ना पिशवी घेऊन बाहेर आली तोवर प्रेंटिस तिच्या टेबलाशी उभे होते. ती नोकरीवरून काढल्याचं ऐकायच्या तयारीत होती.

"मिस कोपेकी," ते म्हणाले, आणि ते हसत होते, "हे आधी सांगायचं तरी. लोकांना वाटतंय तुम्ही दोघांनी बसवलंय. एक बाई म्हणाली, हसून हसून तिची भाकर करपली. ही रागावलेली व्हर्ना आठवड्यातून एकदा येऊ शकेल का?"

"मी खरं बोलले, साहेब."

"हो, तसंच वाटलं. तीच तर मजा आहे."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. तो दुष्ट माणूस नव्हता, हेच सगळ्यात किळसवाणं होतं. त्याला खरंच कळलेलं नव्हतं. आतून हॅल अंगठा वर करून तिला दाखवत होता. व्हर्नाने कोट घातला. जिन्यात हॉटेलचा दारवान म्हणाला, "वा व्हर्ना, मस्त झापलंस! उद्या परत?" ती त्याच्या अंगावरून निघून गेली.

मिसेस ब्रुनस्वोल्डने पत्रं दारातच घेतली, एकेक चाळली. काही कागदांवर डाग होते, त्यांवरून तिने अंगठा फिरवला आणि अंगठा एप्रनला पुसला.

"एक नाही."

"मला माहीत आहे," व्हर्ना म्हणाली. "ते कॉफी कंपनीच्या कचेरीत आहे. भिंतीवर."

"भिंतीवर," म्हातारीने तो शब्द परत उच्चारला, जणू तोंडात काहीतरी घाण गेली होती. मग दार लावून घेतलं.

कचेरी नदीपलीकडच्या शहरात होती, बसने तीन तास. व्हर्ना बुधवारी गेली. आत शिरताच टेबलामागच्या पोरीने तिचं नाव विचारलं आणि ऐकल्याबरोबर किंचाळली, "रागावलेली व्हर्ना? तीच? बोला ना काहीतरी! 'लाज वाटू द्या' म्हणा ना!"

चौकट तिच्या डोक्यामागेच होती. काचेखाली ते निळ्या शाईचं सरळ अक्षर, आणि कुणीतरी लाल पेन्सिलीने 'मीठ' या शब्दाभोवती काढलेला गोल. व्हर्ना टेबलाला वळसा घालून गेली, चौकट खिळ्यावरून काढली आणि काखेत धरली.

"हॅलने मागवलंय का?" पोरगी अजून हसत होती.

"नाही. जिचं आहे तिने."

"पण साहेबांना विचारायला हवं ना..."

"विचार. त्यांना सांग, व्हर्ना आली होती आणि तिने चोरलं. त्यांनाही हसू येईल."

पोरीने खरोखरच टाळ्या वाजवल्या. दरवाजापर्यंत व्हर्नाला कुणी अडवलं नाही.

बसथांब्याच्या बाकावर व्हर्नाने चौकटीमागचे खिळे नखाने उपटले. एक नख तुटलं. पत्र बाहेर काढलं, चौकट कचऱ्याच्या डब्यात टाकली. पेन्सिलीचा लाल गोल खोडून बघितला, पण त्याबरोबर शाईही निघू लागली, म्हणून तिने सोडून दिलं. पत्र तिने जाड पाकिटात घातलं आणि तिथूनच टपालात टाकलं. बरोबर चिठ्ठी ठेवली नाही.

एप्रिलमध्ये ती बियाण्यांच्या दुकानात कामाला लागली. तिथे रेडिओ होता, आणि मालक सकाळी तो लावायचा. मिसेस दुसरा-कप आता कुणीतरी दुसरं लिहीत होतं, वाईट लिहीत होतं, आणि लोक तितकंच हसत होते. हॅलला त्या उन्हाळ्यात नगराध्यक्षांनी 'सर्वांत चांगला शेजारी' म्हणून पितळी पाटी दिली. व्हर्नाने त्या समारंभाचा फोटो असलेलं वर्तमानपत्र कांद्याची रोपं गुंडाळायला घेतलं. पहिल्या आठवड्यातच तिने मालकाला सांगितलं होतं, "मी असेन तेव्हा रेडिओ बंद ठेवायचा." मालक कुरकुरला, पण तिच्याइतकं सुवाच्य लिहिणारं दुसरं कुणी त्याला मिळत नव्हतं.

जूनमध्ये दुकानाच्या पत्त्यावर एक कार्ड आलं. तेच सरळ अक्षर.

"पत्र मिळालं. चार शब्द पुसले गेले आहेत. मला ते पाठ आहेत. टी. ब्रुनस्वोल्ड."

व्हर्नाने ते तिथेच उभ्याने दोनदा वाचलं. उत्तर मागितलेलं नव्हतं, आणि तिने ते दिलं नाही.